आधी कुठलं? चड्डीवाल्या कॅप्टनचा क्रम लावताना

शनिवार, ७ जून २०२५

पर्वरीहून आमच्या वाचनालयाला पुस्तकांची दोन खोकी आली. एक कुटुंब घर बदलतंय, मुलं मोठी होऊन कॉलेजात गेली, पुस्तकं वाचणाऱ्या हातांत पडावीत अशी त्यांची इच्छा. ग्रंथपाल सरांनी ती स्कूटरवरून आणली, एक पुढे पायांपाशी, एक मागे बांधून. बाणस्तारीच्या पुलावर पावसानं गाठलं, पण वर प्लॅस्टिक होतं म्हणून आतलं कोरडं राहिलं.

आत १६ पुस्तकं. ‘कॅप्टन अंडरपँट्स’ या मालिकेची १० आणि त्याच लेखकाची, तिच्या आजूबाजूची ६. लेखक आणि चित्रकार एकच, अमेरिकेतले डेव्ह पिल्की. दाखल नोंदवहीत चढवायला बसले तोवर खिडकीत चार डोकी. मुखपृष्ठावर चड्डी घातलेला टकला माणूस बघून हसण्याचा एकच कल्ला, आणि मग लगेच प्रश्न, “टीचर, ह्यातलं आधी कुठलं वाचायचं?”

सोमवारी सांगते म्हटलं. ही वही त्या प्रश्नासाठी.

आमच्या बालविभागात येणारी बहुतेक मुलं मराठी शाळेतली. घरी कोंकणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी पुस्तक हातात घेताना हात आखडतो. अशा मुलानं मालिकेत भलतीकडून सुरुवात केली आणि दोन पानांत काही कळेनासं झालं, तर ते पुस्तकाला दोष देत नाही. आपलं इंग्रजी कच्चं म्हणून गोष्ट कळली नाही, असं धरून पुस्तक ठेवून देतं आणि पुन्हा त्या कपाटाकडे फिरकत नाही. हे मी गेल्या काही वर्षांत पुष्कळदा पाहिलंय. म्हणून क्रम नीट लावायचा, आणि का लावला तेही लिहून ठेवायचं.

सोमवार, ९ जून

सोपा मार्ग म्हणून प्रकाशनाचं साल बघून रांग लावली आणि चुकले. आमची पहिल्या भागाची प्रत नंतर निघालेली रंगीत आवृत्ती आहे. तिच्यावरचं नवं साल धरून मी ती रांगेत पार मागे सारली. सुरुवातीची पुस्तकं मूळ काळ्या-पांढऱ्या चित्रांची, रंगीत आवृत्त्या बऱ्याच उशिराच्या. सालावरून क्रम लावायचा तर मूळ प्रकाशनाचं साल शोधायचं, हातातल्या प्रतीचं नव्हे. काही मुखपृष्ठांवर ‘तिसरी महाकादंबरी’, ‘चौथी महाकादंबरी’ अशा अर्थाची बारीक ओळ आहे. ती ओळ जास्त भरवशाची.

बरोबर रांग अशी बसली. पहिलं १९९७ चं. १९९९ मध्ये दुसरं आणि तिसरं. २००० मध्ये चौथं, २००१ मध्ये पाचवं. सहावं आणि सातवं दोन्ही २००३ मध्ये, आठवं २००६ मध्ये. त्यानंतर थेट २०१२ मध्ये नववं, आणि पुढे दरवर्षी एक करत २०१५ मध्ये बारावं आणि शेवटचं. आमच्याकडे पाचवं आणि आठवं नाही.

मूळ नावं लांबलचक आणि एकाच अक्षराची माळ लावलेली. मुलांना ती उच्चारता येत नाहीत, मलाही एका दमात येत नाहीत. मुलांनी आजच आपली नावं ठेवायला सुरुवात केली. दुसरं म्हणजे ‘बोलते संडास’. तिसरं ‘जेवणवाल्या बायका’. पूर्ण मालिका ‘चड्डीवालो’. वहीत मी क्रमांकच वापरीन.

गुरुवार, १२ जून

पहिली तीन घरी नेऊन दोन रात्रींत वाचली. प्रकरणं आखूड, पानापानावर चित्र, वाक्यं छोटी. चौथी-पाचवीच्या मुलाला जमेल.

पहिल्याला पर्याय नाही. चौथीतले दोन जिवलग मित्र, जॉर्ज आणि हॅरॉल्ड, झाडावरच्या आपल्या खोपटात बसून कॉमिक्स काढतात आणि शाळेत विकतात. मुख्याध्यापक क्रप त्यांची एक मोठी खोडी कॅमेऱ्यात पकडतात आणि त्या जोरावर त्यांना राबवून घेतात. मुलं टपालानं संमोहनाची अंगठी मागवतात आणि क्रप यांनाच आपल्या कॉमिक्समधला नायक करून सोडतात. खिडकीचा पडदा पाठीवर, अंगावर फक्त चड्डी, आणि निघाले जग वाचवायला. चुटकी वाजली की मुख्याध्यापकांचा कॅप्टन होतो, डोक्यावर पाणी पडलं की कॅप्टनचे पुन्हा मुख्याध्यापक. हा नियम पहिल्यात ठरतो आणि पुढची सगळी धावपळ त्यावर उभी आहे.

पुढच्या बहुतेक पुस्तकांच्या सुरुवातीला त्या दोन मुलांनी काढलेलं छोटंसं कॉमिक असतं, त्यात मागची हकिकत थोडक्यात येते. म्हणजे लेखकानंच मध्येच शिरणाऱ्यासाठी दार ठेवलंय. तरी तिसऱ्याबद्दल मी थोडी आग्रही आहे. पहिल्या दोनांत कॅप्टनकडे कसलीही शक्ती नाही, नुसती हिंमत आहे. तिसऱ्यात तो परग्रहावरच्यांचं शक्तीचं पेय पितो आणि तेव्हापासून खरोखर उडतो. चौथं आधी वाचणाऱ्याला वाटेल की तो पहिल्यापासून उडतोय, आणि मग पहिलं हातात आलं की तिथं तो का पळतोय हे कळेना.

‘फास्टर फेणे’ची आठवण होतेय. फुरसुंगीच्या त्या बनेशला मी मिळेल त्या क्रमानं वाचलं, कुठंही अडलं नाही. भा. रा. भागवतांचं प्रत्येक पुस्तक आपल्या पायावर उभं. इथं तसं नाही, आणि पूर्ण उलटंही नाही. अर्धी पुस्तकं मोकळी, अर्धी एकमेकांत गुंतलेली. कुठली कुठं ते शोधायचं.

शनिवार, १४ जून

दुपारी तीनला तो आला. चौथीत आहे, दोन मिनिटांच्या वर एका जागी बसत नाही. कपाटाची चावी फिरवून बघ, पंख्याचं बटण दाब, खुर्ची ओढ. त्याला मी नेहमी रॅकवरची पुस्तकं सरळ करायला देते. आज पहिलं पुस्तक हातात दिलं आणि काही बोलले नाही.

पुस्तकात मारामारीचा प्रसंग आला की लेखक मजकूर थांबवतो. डाव्या पानावर हाताची ठिपक्यांची आकृती, उजव्या पानाच्या कडेला अंगठ्याची जागा. डावा पंजा आकृतीवर दाबून धरायचा, उजव्या अंगठ्यानं ते एकच पान भराभर मागंपुढं करायचं. पानावर एक चित्र, त्याच्या मागच्या पानावर त्याच जागी दुसरं, थोडं हललेलं. वेग आला की चित्र चालतं. याला लेखकानं ‘फ्लिप-ओ-रामा’ नाव दिलंय. कागद आणि अंगठा, बाकी काही लागत नाही.

मुलगा आकृतीशी थबकला. पंजा ठेवून बघितला, त्याचा पंजा थोडा लहान पडला. मग बोटानं अक्षरं लावली. “ले…फ्ट. लेफ्ट. हँड. हिअर.” आमच्या वाचनालयात त्यानं मोठ्यानं वाचलेलं हे पहिलं इंग्रजी वाक्य. नंतर अंगठ्याचंही वाचलं, आणि पान हलायला लागलं. पंचवीस-तीस वेळा तरी हलवलं असेल. पान संपल्यावर मागं जाऊन गोष्ट वाचायला लागला, कारण मारामारी कुणाशी चाललीय ते त्याला हवं होतं.

पिल्की यांना लहानपणी शिक्षक वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवत. एका जागी बसणं जमायचं नाही आणि अक्षरंही नीट लागायची नाहीत, दोन्ही अडचणींना आज वैद्यकात नावं आहेत. त्या व्हरांड्यातल्या टेबलावर, दुसरीत असताना, हा चड्डीवाला कॅप्टन त्यांनी पहिल्यांदा काढला. हे मी मुलाला सांगितलं. त्यानं विचारलं, “टीचरनं कागद काढून घेतला नाही?” घेतला, फाडलाही, असं पिल्की सांगतात. त्यावर तो काही बोलला नाही, पुस्तक आपल्या नावावर घातलं आणि छत्री विसरून गेला.

बुधवार, १८ जून

एक पालक भेटायला आले. मुलगा पाचवीत. शांतपणे बोलले, पण मनापासून नाराज होते. “टीचर, मुख्याध्यापक चड्डीवर धावतात, हे मुलांनी वाचायचं? उद्या आमच्या शाळेत कुणी सरांना हसलं तर?”

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या यादीत ही मालिका २०१२ आणि २०१३, दोन्ही वर्षी सर्वांत जास्त तक्रारी आलेली म्हणून पहिल्या क्रमांकावर होती. मी त्यांना माझं मत सांगितलं. ही पुस्तकं शिक्षकांचा नव्हे, धाक दाखवून राबवून घेणाऱ्या मोठ्या माणसांचा समाचार घेतात. आणि कॅप्टन कितीही उघडावाघडा असला तरी कुणाचं वाईट करत नाही. मग पहिलं पुस्तक त्यांच्याच हातात दिलं, तुम्ही वाचा म्हटलं.

शुक्रवारी परत आणून दिलं (नोंद इथंच जोडते, २० जून). मत बदललं नाही. पण पहिल्यातली मैत्री त्यांना आवडली. त्यांचं म्हणणं, मुलानं वाचावं, फक्त ती शेंबडाची दोन नकोत, घरी आई जेवताना ऐकून उठून जाते. म्हणजे सहावं आणि सातवं. मुलाच्या कार्डावर तसं लिहून घेतलं.

आता क्रमाचा पेच. सातव्यात जांभळं कालयंत्र येतं आणि तिथूनच एक टेरोडॅक्टिल, डायनोसॉरच्या काळातला उडता प्राणी, मुलांबरोबर निघतो. आठवं त्याच कालयंत्राच्या चुकीच्या वापरानं सुरू होतं. ही दोन गाळून आठव्यात शिरलं की पहिल्या पानापासून ठेच. म्हणून त्या मुलासाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहिली, मराठीत, सहा आणि सातमध्ये पुढे लागणारं काय झालं एवढंच. मेल्विन नावाच्या हुशार मुलाचं काय झालं, यंत्रमानवासारखी ताकद आलेला हॅम्स्टर सुलू कुठून आला, टेरोडॅक्टिल कसा आला. शेंबूड एका ओळीत आटोपला. चिठ्ठीला नाव दिलं ‘साकव’. आमच्याकडे पावसात ओहोळ ओलांडायला तोच लागतो.

शनिवार, २८ जून

मुसळधार. तरी सात मुलं.

लांब वेणीची मुलगी, सहावीतली, इंग्रजीला फार घाबरते. वाचताना ओठ हलतात, आवाज येत नाही. आज ती दुसरं पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि कुजबुजली, “टीचर, छापताना चूक झालीय.” बोट होतं जॉर्ज-हॅरॉल्डच्या कंपनीच्या नावावर, ‘ट्रीहाऊस कॉमिक्स’. कॉमिक्स या शब्दाच्या शेवटी हवी होती सी आणि एस ही दोन अक्षरं, तिथं एकटं एक्स. तिला शाळेतल्या वहीत हा शब्द लिहिलेला आठवत होता.

मी सांगितलं, ही चूक मुद्दाम आहे. पुस्तकाच्या आत जी कॉमिक्स आहेत ती चौथीतल्या पोरांनी काढलीत असं दाखवायचंय, म्हणून त्यांत स्पेलिंगं त्या वयाच्या पोरांसारखी, कानाला ऐकू येतं तशी. गोष्ट सांगणारा मजकूर मात्र शुद्ध. तिनं दोन्ही प्रकारची पानं उघडून शेजारी धरली आणि बराच वेळ बघत राहिली. नंतर पेन्सिल मागितली. पुस्तकात नाही, वेगळ्या कागदावर चुका उतरवते म्हणाली. सहा वाजेपर्यंत अकरा सापडल्या. प्रत्येकीसमोर बरोबर शब्द लिहिलाय, दोन ठिकाणी शब्दकोश काढून. शेवटच्या चार चुका तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवल्या, शेजारच्या बाकावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मला काहींनी सुचवलं होतं की अशुद्ध स्पेलिंगांची पुस्तकं मराठी माध्यमाच्या मुलांना देऊ नयेत, चुकीचं तेच डोक्यात बसेल. आज जे पाहिलं त्यानंतर मी ती देणार. ज्या मुलीला वाटतं की चुका फक्त आपल्याच असतात, तिच्या हाती छापील चूक पडणं आणि ती आपल्याला ओळखता येणं, ह्याच्या तोडीचं काही माझ्याकडे नाही.

बुधवार, २ जुलै

सगळी दहा वाचून झाली. पाचव्या आणि आठव्याची कथासूत्रं मला आधीपासून माहीत आहेत, कारण भाचीकडे ती होती.

१ ते १२ अशी सरळ यादी भिंतीवर लावली तर मुलं अडून बसतात. पाचवं नाही म्हणून सहावं घ्यायचं नाही, आणि हाताशी असलेलं पुस्तक रॅकवर पडून. वास्तविक पाचव्यासाठी कुणाचं काही अडत नाही. त्यात शिक्षिका रिबल बाईंवर संमोहनाचा उलटा परिणाम होतो आणि त्या खलनायिका होतात. मस्त पुस्तक, पण नंतर कधीही वाचलं तरी चालेल.

म्हणून यादीऐवजी फळा. सुताराकडून जुन्या दाराची फळी मिळाली. बारा पुस्तकांचे बारा पत्ते खिळ्यांवर, आणि ज्या दोन पुस्तकांत क्रम मोडला तर गोष्ट मोडते त्यांच्यामध्येच दोरा. काळा दोरा मी बांधायचा. पहिल्यापासून तिसऱ्याला, तिसऱ्यापासून पुढे. सहाव्यापासून सातव्याला दुहेरी, कारण ती एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत, सहाव्याच्या शेवटी गोष्ट हवेत लटकते. सातव्यापासून आठव्याला, आठव्यापासून नवव्याला, नवव्यापासून दहाव्याला, तिथून अकरा, बारा. दुसरं, चौथं, पाचवं मोकळी ठेवली.

लाल दोरा मुलांसाठी. एखादी ओळखीची गोष्ट दुसऱ्या पुस्तकात परत भेटली असं ज्याला सापडेल त्यानं मला पान दाखवायचं आणि दोरा बांधायचा. दुसऱ्यातला राक्षसी संडास अकराव्यात परततो, हा दोरा पहिल्यांदा कोण बांधतं बघायचं.

चौथ्यातून एक मोठा धागा निघतो. तो मला दिसतोय आणि मी बांधलेला नाही. त्या धाग्याची मजा शोधणाऱ्याचीच. इथंही लिहीत नाही, ही वही मुलं उघडतात.

सोमवार, ७ जुलै

काल आषाढी एकादशी, आज देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकालो, चिखलात लोळून खेळायचा आमच्याकडचा उत्सव. वाचनालयात एकही मूल नाही. संध्याकाळी फक्त दोघं आले, अंघोळ करून पण कानामागे चिखल तसाच. पुस्तकांना हात लावू दिला नाही, फळ्यासमोर उभं राहून बघितलं आणि गेले.

शनिवार, १२ जुलै

पाचवं आणि आठवं ऑनलाइन मागवलं होतं. पार्सल आलं, आत आठव्याऐवजी सातवं. ते आमच्याकडे आहेच. पाचवंही नाही. परत पाठवलं, पुन्हा नोंदवलं. पैसे वाचनालयाच्या वर्गणीतले असल्यामुळे जीव खालीवर होतो.

तोवर पाच मुलं सातव्याच्या शेवटाशी येऊन थांबलीत. पाचवं नसल्यानं काही बिघडलं नव्हतं, आठवं नसल्यानं सगळंच अडलंय. मी विचार केला, साकवाची युक्ती इथंही चालेल. आठव्याचा सारांश पानभर लिहिला, वाचायला दिला. वेणीवाल्या मुलीनं तीन ओळी वाचून कागद पालथा घातला. “टीचर, तुम्ही सांगून टाकणार. मागीर वाचायचं काय?”

तिचं बरोबर आहे. त्या पालकांच्या मुलाला सहावं-सातवं वाचायचंच नव्हतं, म्हणून त्याला चिठ्ठी हवी होती. हिला आठवं वाचायचंय. कागद फाडून टाकला. मुलांना सांगितलं की आठवं २००६ मध्ये निघालं आणि पेचात टाकून संपलं, आणि नववं आलं २०१२ मध्ये. तेव्हाची मुलं सहा वर्षं थांबली. चौथीत असलेलं मूल दहावीत गेलं असेल. हे ऐकून सगळे गप्प. एकानं बोटं मोजली आणि म्हणाला, आपण दोन आठवडे थांबू.

शनिवार, १९ जुलै

दुरुस्तीचा दिवस. अपेक्षेप्रमाणे सगळ्या पुस्तकांत एकाच जागी फाटलंय, हलवायच्या पानांच्या मुळाशी, शिवणीला लागून. पहिल्या पुस्तकातलं एक पान निम्मं सुटलंय.

चिकटपट्टी लावायची नाही. आमच्या दमट हवेत ती वर्षभरात पिवळी पडते, कडेनं चिकट सुटतो आणि शेजारचं पान धरतं. मैद्याची खळ केली, पातळ, रोजची रोज वापरायची. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. ते विष आहे, आणि ही पुस्तकं हाताळणारी मुलं बोट ओलं करून पान उलटतात. घातला नाही. पांढऱ्या पतंगी कागदाची बोटाच्या रुंदीची पट्टी कापायची, हातानं फाडून कडा मऊ करायच्या, खळ अगदी कमी, पट्टी अर्धी सुटलेल्या पानावर आणि अर्धी शिवणीकडे. वर मेणकागद, त्यावर वजन. पावसात वाळायला दोन दिवस लागतात.

हलवायच्या पानांना आधीपासूनच अशी पट्टी लावून ठेवावी का? चार पानांना लावून बघितली. जाड झाल्यावर चित्र नीट पळत नाही, पान अंगठ्याखाली अडखळतं. काढून टाकली. फाटेल तेव्हा परत जोडू.

शनिवार, २६ जुलै

खोक्यातल्या इतर पुस्तकांचा निकाल.

‘सुपर डायपर बेबी’, २००२ चं. जॉर्ज आणि हॅरॉल्ड यांनीच लिहिलंय अशा थाटात, पूर्ण कॉमिक, चुकीच्या स्पेलिंगांसकट. पहिल्यानंतर कधीही. कोड्यांचं आणि चित्रं काढायला शिकवणारं २००१ चं पुस्तक पर्वरीच्या मुलांनी पेन्सिलीनं सोडवून टाकलंय. निम्मं खोडलं, निम्म्या चित्रांत त्यांनी इतकी सुंदर भर घातलीय की खोडवेना. ते नमुना म्हणून टेबलावर.

उरलं ऊक आणि ग्लक या गुहेतल्या दोन मुलांचं, २०१० चं. त्यात कुंग-फू शिकवणारे चिनी गुरू आहेत, आणि आशियाई माणसांची चित्रं आणि बोलणं ठरावीक साच्यातलं, दुखावणारं आहे. मार्च २०२१ मध्ये लेखकानं जाहीर माफी मागितली आणि प्रकाशकानं पुस्तक मागे घेतलं. सरांशी बराच वेळ बोलले. लेखकानंच जे मागे घेतलं ते आपण मुलांसमोर मांडायचं नाही, यावर दोघांचं एकमत झालं. दाखल केलं, पण मोठ्यांच्या संदर्भ कपाटात. आधी केलेली टर आणि नंतर मागितलेली माफी, दोन्ही समजावून सांगता येतील अशा वयाच्या मुलांना मी ते स्वतः दाखवीन. मुलांच्या फळ्यावर त्याचा पत्ता नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

‘डॉग मॅन’ची तीन आहेत, पहिलं, तिसरं आणि सहावं. इथं वर्गीकरणानं घोटाळा केला होता. डेवी दशांश या पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीनुसार कॉमिक्स ७४१.५ मध्ये जातात, म्हणजे चित्रकलेच्या रॅकमध्ये, दाराजवळ. कॅप्टनची पुस्तकं मात्र कथा-कादंबऱ्यांत, कारण त्यांत मजकूर जास्त. एका लेखकाची, एका जगाची पुस्तकं खोलीच्या दोन टोकांना. मुलं वर्गीकरण बघत नाहीत, शेजारचं पुस्तक बघतात. पाठीवरचे क्रमांक तेच ठेवले आणि दोन्ही एका फळीवर आणली. सरांनी नोंदवहीत शेरा लिहिला.

ज्याला मजकूर जड जातो त्यानं ‘डॉग मॅन’पासून सुरुवात करावी का, हा प्रश्न मला सुटत नव्हता. पोलिसाच्या धडावर त्याच्या कुत्र्याचं डोकं शिवलेला नायक, सगळं रंगीत, पानावर शब्द कमी. पहिलं २०१६ चं, म्हणजे कॅप्टन संपल्यानंतरचं. आज उत्तर मिळालं आणि ते मी शोधलेलं नाही. एका जागी न बसणारा तो चौथीतला, तो नवव्यावर उडी मारून आलाय (माझा काळा दोरा ओलांडून, पण त्याला गोष्ट कळलीय, मी विचारून खात्री केली. नवव्यातला मोठा भाग जॉर्ज-हॅरॉल्डच्या बालवाडीचा आहे, दोघं पहिल्यांदा कसे भेटले त्याचा, म्हणून निभावलं). त्यानं नवव्यातलं पान आणून दाखवलं. बालवाडीत त्या दोघांनी काढलेलं पहिलं कॉमिक कुठलं, तर डॉग मॅनचं.

लाल दोरा घेऊन तो स्टुलावर चढला आणि नवव्यापासून सरळ खालच्या फळीवरच्या ‘डॉग मॅन’पर्यंत ओढला. बारा पत्त्यांच्या बाहेर जाणारा फळ्यावरचा हा पहिला दोरा. म्हणजे गोष्टीच्या हिशेबानं डॉग मॅन सगळ्यांच्या आधीचा. कमी वाचणाऱ्यानं तिथून सुरुवात केली तर तो मागच्या दारानं येत नाही. उद्यापासून तसंच देणार. फक्त डॉग मॅनचं तिसरं सहाव्याच्या आधी, कारण पिटुकला पीटी हे मांजराचं पिल्लू तिसऱ्यात येतं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

पाचवं आलं. आठवं आलं. दोन्ही बरोबर.

घरी चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची साफसफाई काढलीय, गणपतीवर फळं-पानं बांधायच्या माटोळीचं सामान आणायचंय, तरी थांबून दाखल केली, शिक्के मारले.

शनिवार, २३ ऑगस्ट

आठवं कुणी घरी न्यायचं यावरून भांडण होणार हे दिसत होतं. बुधवारी चवथ, म्हणजे ज्याच्या हाती पडेल त्याच्याकडे ते सुट्टी संपेपर्यंत राहणार आणि उरलेल्यांनी वाट बघायची. मुलांनीच ठरवलं की आज आणि सोमवारी इथं बसून मोठ्यानं वाचायचं, एकेकानं एकेक प्रकरण. साकववाला मुलगाही आला, हातात चिठ्ठी घेऊन. टेरोडॅक्टिलचं नाव आलं तेव्हा त्यानं चिठ्ठीवर बोट ठेवलं, मान हलवली आणि पुढे वाचायला लागला. अडला नाही.

आज निम्मं झालं. पान हलवायचं आलं की पुस्तक हातोहात फिरतं, सगळ्यांनी एकेकदा हलवल्याशिवाय पुढं जायचं नाही असा नियम. पहिल्या पुस्तकाची खळीची पट्टी धरून आहे, ह्या नव्याची शिवण किती दिवस टिकते बघू.

सोमवार, २५ ऑगस्ट

पाच वाजता शेवटचं प्रकरण वेणीवाल्या मुलीकडे आलं. ओठ हलत होते आणि आवाजही येत होता. शेवटी अचानक एक नवा शत्रू समोर उभा राहतो आणि त्याचं नाव येतं, टिपी टिंकलट्राउझर्स. मुलं हसली. ती हसली नाही. नाव पुन्हा एकदा वाचलं, अक्षरं सुटी करून.

मग उठून रॅककडे गेली, चौथं काढलं आणि शेवटून पानं उलटायला लागली. चौथ्यातल्या प्राध्यापकाला त्याच्या विचित्र नावावरून सगळे हसतात, त्यातूनच तो बिथरतो. आणि तुरुंगात गेल्यावर तो नाव बदलून आपल्या आजोबांचं घेतो. पान सापडल्यावर तिनं ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. त्यावर बोट ठेवून म्हणाली, “टीचर, हो तोच.”

लाल दोरा तिनं स्वतः कापला. चौथ्याच्या खिळ्याला गाठ मारली, आठव्याला वेढा दिला, आणि टोक कापायला कात्री पुढे केली तर म्हणाली, नको, पुढं लागेल. दोरा तसाच लोंबत ठेवलाय, हातभर.

नववं तिच्या नावावर. परत करायची तारीख ५ सप्टेंबर.